चाळीस ग्रॅम

निखिल,

आठ वर्षं मी तुला निखिलराव म्हणत आले. जावयाला अरे-तुरे करायची आमच्या घरी रीत नाही, आणि तूही 'आई, तुम्ही' यापलीकडे कधी गेला नाहीस. आज मात्र मी अरे-तुरे करणार आहे. जे सांगायचं आहे ते अहो-जाहो करून सांगता येत नाही. दोन दिवस प्रयत्न करून पाहिला, दोन्ही दिवस कागद फाडला.

सांगायचं आहे ते एका आकड्याबद्दल. साहेबाला, म्हणजे तुझ्या त्या ससाण्याला घेऊन तू शेवटचा बाहेर पडलास, त्या सकाळी स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेच्या चौकोनात मी त्याचं वजन सहाशे पंचवीस लिहिलं. काटा सहाशे पासष्ट दाखवत होता. चौतीस वर्षं मी सांगलीच्या शाळेत मुलींना गणित शिकवलं. पुस्तकामागचं उत्तर बघून मधल्या पायऱ्या जुळवणाऱ्या मुलीला मी तासभर उभी करायची. मला कुणी उभं केलं नाही. तू आकडा पाहिलास, 'वा, छान' म्हणालास आणि बागेतल्या खोलीकडे गेलास.

इथली आपली माणसं भेटायला येतात, पण गाडीतून उतरत नाहीत. काच खाली करून डबा देतात आणि म्हणतात, वेळ आली होती. मी मान हलवते. वेळ आली होती की मी आणली, एवढंच मला कळून घ्यायचं आहे. झोप लागत नाही ती त्यासाठी.

मी आले होते मुक्ताच्या बाळंतपणाला, तीन महिन्यांसाठी. ओवी पंधरा दिवसांची झाली आणि विमानं बंद झाली, आणि किलकेनी या आयरिश गावाच्या कडेच्या वसाहतीतल्या तुमच्या घरात मी अडकले. तो काळ आठवला की आधी तुझं तोंड आठवतं. नाकावर आणि गालांवर मास्कचे लाल वळ. तू भूल देणारा डॉक्टर, म्हणून श्वासाची नळी घालायला तुलाच बोलवायचे. घरी आलास की मागच्या दारानं आत, कपडे पिशवीत, आंघोळ, मग ओवीला लांबून बघणं. जेवताना एक शब्द नाही. मुक्ता मला म्हणायची, आई, तू तरी याच्याशी बोल. पण सासू-जावयाच्या बोलण्याचे आपले विषय ठरलेले: हवा, भाजी आणि सांगलीचा पूर. पूर ओसरला की आपलं बोलणंही ओसरायचं.

ससाणा घरात आला तो मार्टिनमुळे. गावाबाहेरचा हा सत्तरीचा शेतकरी हर्नियाच्या ऑपरेशनला आला होता. भूल देताना कुणी आकडे मोजतं, कुणी देवाचं नाव घेतं. हा तुला सांगत होता, माझ्या बहिणीला फोन करा, युअर मॅनला तोलल्याशिवाय सोडू नको म्हणावं. इथे कुणाही तिऱ्हाइताला युअर मॅन म्हणतात, तेव्हा तुला वाटलं कुणीतरी म्हातारा भाऊ असेल. निघाला ससाणा. बरा झाल्यावर मार्टिननं तुला रानात बोलावलं, आणि त्या संध्याकाळी जेवताना तू बोललास. सलग अर्धा तास. पक्षी मुठीवरून सुटतो, कुंपणाच्या कडेनं जमिनीलगत जातो, ससा निसटतो, आणि मग तो आपण होऊन परत मुठीवर येतो. 'आपण होऊन' हे तू तीनदा म्हणालास. मी मुक्ताकडे पाहिलं तर तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ससाण्याचं काय कौतुक, तू बोललास म्हणून.

उन्हाळाभर तू मार्टिनच्या हाताखाली राबलास, परवान्याचे कागद भरलेस, बागेत लाकडी खोली बांधलीस. मग एके दिवशी खोक्यातून साहेब आला. तू मला सांगितलंस की हा खरा ससाणा नव्हे, अमेरिकेकडचा शिकारी पक्षी आहे, नवशिक्याला हाच देतात. मी म्हटलं, आमच्याकडे याला ससाणाच म्हणतात. साहेब हे नावही माझंच. शाळा तपासायला यायचे ते अधिकारी असेच मान न हलवता वर्गभर बघायचे आणि आपली चूक आधीच सापडल्यासारखे गप्प बसायचे. मुक्ता म्हणाली, टाळेबंदीत लोक सायकल घेतात, माझ्या नवऱ्यानं खाटीक आणला. मी आल्यापासून ज्या घरात अंडं आलं नव्हतं त्या घराच्या फ्रीजरात माझ्या मोदकांशेजारी पिवळ्या मेलेल्या पिल्लांच्या पिशव्या आल्या. आणि तुझ्या ड्यूट्या सुरू झाल्यावर ती पिल्लं रोज सकाळी कात्रीनं कापायला लागले ती मीच.

पक्ष्याला माणसाची सवय व्हावी म्हणून त्याला तासन्‌तास मुठीवर घेऊन बसायचं असतं. तू दवाखान्यात, मुक्ता लॅपटॉपवर, तेव्हा मीच बसायची. काय बोलावं कळेना, म्हणून पाढे म्हणायची. सतराच्या पाढ्याला तो एक पाय पोटात घ्यायचा, म्हणजे निवांत झाला. पण डोळे कधी निवायचे नाहीत. ओवी रांगायला लागली तेव्हा तो तिच्याकडे ज्या नजरेनं बघायचा ती नजर मला आवडली नाही. तुला सांगितलं तर तू हसलास. मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणून मीही पुन्हा बोलले नाही. मला भलत्याच माणसाची काळजी वाटत होती.

पक्षी मिळाला, पण त्याला उडवायला रान मिळेना. ससे सगळीकडे, पण रान कुणाचं तरी असतं, आणि मालकाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही ही मार्टिनची ताकीद. तू सुटीच्या दिवशी दारोदार फिरलास. सगळे गोड बोलायचे, हवेबद्दल विचारायचे आणि शेवटी 'वुई'ल सी' म्हणायचे. 'बघू' म्हणजे नाही, हे आपल्याकडच्यासारखंच. मग अधिक महिना आला. टाळेबंदी असो नाहीतर प्रलय, जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे म्हणजे द्यायचे. तांदूळ भिजत घातले, खसखस तुझ्या मित्राकडून क्लोनडॉकिनहून मागवली. तेहतीस अनारसे एकटा जावई किती खाणार? डबा घेऊन मी तुझ्याबरोबर गाडीत बसले. साडी, वरून तुझा रेनकोट, पायात मुक्ताचे गमबूट, हातात डबा. दार उघडणाऱ्याचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. तुला जी रानं दोन महिन्यांत मिळाली नव्हती ती मी दोन रविवारांत मिळवली. परतताना तू म्हणालास, 'आई, तुम्ही नसतात तर मला इथे कुणी रान दिलं नसतं.' मी फुशारले होते, निखिल. आता ते वाक्य आठवू नये असं वाटतं.

कारण ब्रीडाचं रानही मीच मिळवलं. ब्रीडा म्हणजे ती एकटी राहणारी विधवा, नदीकडच्या शेताची. तिनं दोन अनारसे उभ्या उभ्या खाल्ले, फाटकापाशी येऊन वरचं रान दाखवलं आणि म्हणाली की कुंपणाखाली सशांची बिळंच बिळं आहेत, खुशाल या. मग तिनं खालच्या रानाकडे बोट केलं. हिरवंगार, सपाट, मध्ये एक उंच झाड. पावसानंतर तिथे मी गुरंही सोडत नाही, म्हणाली. वरून गवत दिसतं, पण खाली तळ नाही. दोन कालवडी गेल्या तिथे, एक तर तिच्या डोळ्यांदेखत. तू मान डोलावलीस. मी शब्दन्‌शब्द ऐकला आणि डब्याचं झाकण लावलं.

दसऱ्याच्या सुमाराला पुन्हा टाळेबंदी आली, नाताळानंतर ती आणखी आवळली. व्यायामाला घरापासून पाच किलोमीटर, त्यापुढे नाही. मी नकाशावर पेन्सिलीला दोरा बांधून वर्तुळ काढून दिलं. चांगली सगळी रानं रेषेच्या बाहेर पडली. आत उरलं एकट्या ब्रीडाचं.

साहेबाच्या भुकेवरून आपला वाद चालू होता तो अर्धाच राहिला. शिकारी पक्ष्याला नेमका उपाशी ठेवायचा असतो. फार उपाशी राहिला तर मरतो, पोट भरलं तर परत येत नाही. साहेबाचं वजन सहाशे वीसच्या आसपास असलं की तो तुझा, सहाशे पन्नासच्या वर गेला की रानाचा. म्हणून रोज सकाळी काटा, आणि आकडा दिनदर्शिकेवर. ते काम तू माझ्यावर सोपवलंस, कारण, म्हणालास, गणिताच्या बाईंपेक्षा भरवशाचं कोण? मला ते पटायचं नाही. आपल्या दारातलं पाखरू दिवसभर भुकेनं ओरडतं आणि आपण आत जेवायला बसतो, याला प्रेम म्हणायचं? मी म्हणायची, पोट भरूनही जो परत येतो तोच आपला. तू म्हणायचास, आई, तशी फक्त माणसं येतात, तीही सगळी नाहीत.

आणि मग तू ती मिरजेची गोष्ट सांगितलीस. शिकत असताना तुझ्याकडे एका पोराचं ऑपरेशन होतं. भूल देण्याआधी पोट रिकामं हवं. आईला विचारलं, काही खायला घातलं का? ती म्हणाली, पाण्याचा थेंब नाही साहेब. तू हसून बरं म्हणालास आणि पोराला बाजूला घेऊन विचारलंस. सकाळीच दोन पेढे भरवले होते. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी केलंस, आणि त्या बाईला कारण सांगितलं यंत्र बिघडल्याचं. मी विचारलं, रागावला का नाहीत? तू म्हणालास, 'आई, खाण्याच्या बाबतीत आया खोटं बोलतातच. त्यांना खोटं पाडायचं नाही. मान हलवायची आणि आपण परत तपासायचं.' मी हसले होते. एवढी गोष्ट ऐकून मला काही सुचायला हवं होतं.

जानेवारीत तुमच्याकडे फार माणसं गेली. तू सांगायचा नाहीस, पण साहेबाला मुठीवर घेऊन बागेत उभा राहायचास तेव्हा किती वेळ उभा आहेस यावरून मला त्या दिवसाचा अंदाज यायचा. कधीकधी डावा खांदा चोळायचास. विचारलं तर म्हणायचास, पक्ष्याचं वजन हो, आई. सहाशे ग्रॅमचं वजन. दहा दिवसांनी एक सुटी होती. तू तिच्यावर दिवस काढत होतास, हे मला आणि मुक्ताला दोघींनाही दिसत होतं.

सुटीच्या आदल्या दिवशी मुक्ताच्या बाबांची तिथी होती. सहा वर्षांत मी ती चुकवली नाही. पान वाढलं, बागेच्या भिंतीवर कावळ्याचा घास ठेवला. पाखरानं शिवल्याशिवाय मी जेवत नाही, तुला माहीत आहे. इथे कावळ्यांना तोटा नाही. समोरच्या छपरावर दहाबारा येऊन बसले, ओरडले, पण खाली एकही उतरेना. बारा वाजले, एक वाजला. मुक्ताची मीटिंग चालू होती. हिरवळीवर साहेब आपल्या लोखंडी कमानीवर बसला होता, माझ्याकडे बघून भुकेनं किंचाळत होता. कावळे त्याला भिऊन येत नाहीत, त्याला आत नेलं की झालं, हे एवढं साधं मला सुचलं नाही. मला वाटत होतं, माणूस रुसलाय. परदेशात येऊन बसले, घर बंद, देव बंद, म्हणून रुसलाय. दोन वाजता मी फ्रीजरकडे गेले. सकाळचा त्याचा घास देऊन झाला होता. मी आणखी दोन अख्खी पिल्लं कोमट पाण्यात सोडली आणि बागेत जाऊन त्याच्यापुढे धरली. पाखरू ते पाखरू, म्हटलं. त्यानं ती खाल्ली, चोच पुसली, गप्प झाला. मी आत येऊन जेवले आणि खूप दिवसांनी मला शांत वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यानं सहाशे पासष्ट दाखवले. तू जिन्यावरून शीळ वाजवत उतरत होतास. खरा आकडा लिहिला असता तर तुझी सुटी घरात गेली असती. आणि कारण सांगावं लागलं असतं. मुक्ता म्हणाली असती, आई, कावळ्यापायी हे काय केलंस? तू काहीच म्हणाला नसतास, तेच मला सहन झालं नसतं. मी पेन उचललं. चाळीस ग्रॅम म्हणजे किती, एक बेसनाचा लाडू. तेवढ्यानं काय होतंय, म्हटलं, आणि सहाशे पंचवीस लिहिलं.

तू बागेतल्या खोलीत गेलास. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लागला. मी म्हटलं, त्याच्या पायात घुंगरं बांधत असशील. मग मला हाक मारलीस, आई, येताय ना? मी आले. ब्रीडाच्या वरच्या रानात दव होतं, वारा नव्हता. तू साहेबाला अगदी जवळून सोडलास, दहा पावलांवरून. पहिल्यांदा आला. दुसऱ्यांदा आला तो मुठीवर बसला, पण मांसाला तोंड लावलं नाही. तू माझ्याकडे पाहिलंस आणि हसलास. तिसऱ्यांदा तो उठला, कुंपण ओलांडलं, आणि खालच्या रानातल्या त्या उंच झाडावर जाऊन बसला. घुंगरू एकदा वाजलं, मग काही नाही.

अंधार पडेपर्यंत तू फाटकापाशी हात वर करून उभा होतास. तुझ्या हातातलं मांस वाळून गेलं. मी तुझ्या मागे उभी होते, पाच हातांवर. पाच हातांवरून मला बोलता आलं नाही.

घरी आल्यावर मुक्ता चिडली. दहा दिवसांनी सुटी मिळाली, ती तू एका झाडाखाली घालवलीस, म्हणाली. उजाडताच पुन्हा जाणार हे ऐकल्यावर म्हणाली, जा मग, त्या पाखराजवळच राहा. रागानं म्हणाली. बायका म्हणतात तसं. सकाळी मी उठले तर तू थर्मासमध्ये चहा भरत होतास. खिडकीबाहेर नुसतं राखाडी होतं, रात्रभर पाऊस पडून गेला होता. 'निखिलराव, वजन खोटं होतं,' हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. शपथेवर सांगते, आलं होतं. पण मी विचारलं, 'मफलर घेतलात का?' तू हो म्हणालास आणि दार हळू ओढलंस, ओवी उठू नये म्हणून.

ब्रीडाला तू दिसलास दहाच्या सुमाराला. खालच्या रानात, मांड्यांपर्यंत चिखलात, छातीवर पुढे पडलेला. पक्ष्याचा माग काढायचं एक यंत्र असतं, ते तुझ्या हातात होतं आणि टिकटिक करत होतं, असं ती म्हणाली. ते तिनं सांगायला नको होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय. थंडी, चिखलातली ओढाताण, आणि हृदय आधीच थकलेलं असावं. 'असावं' या शब्दावर मी किती दिवस काढले आहेत.

निरोपाला दहा माणसं. तुझे आईबाबा पडद्यावर. मार्टिन रस्त्यापलीकडे टोपी काढून उभा होता, आत यायची परवानगी नव्हती. मुक्ता रडली नाही. ती दिवसभर कपाटं आवरत होती आणि मला कळत होतं ती कशाशी झगडते आहे, आणि कळूनही मी गप्प होते. हे आकडा खोटा लिहिण्यापेक्षा वाईट. आकडा मी घाईत लिहिला. गप्प मात्र रोज उठून बसले.

तेराव्या दिवशी मार्टिन फाटकाशी आला, हातात खोकं. पाच दिवस उपाशी फिरून साहेब त्याच्या मुठीवर उतरला होता. आठवडाभर त्यानं स्वतःकडे ठेवून घेतला, आज विचारायला आला होता की याचं काय करायचं. खोक्यातून घुंगरू वाजलं आणि ओवीला कडेवर घेऊन मुक्ता बाहेर आली. खोक्याकडे बघत ती मला मराठीत म्हणाली, 'आई, त्याला मी घालवलं. मी जा म्हटलं म्हणून तो गेला.'

'तू नाही,' मी म्हटलं. 'मी.'

आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिथी, कावळे, दोन पिल्लं, आकडा. मग मार्टिनसाठी तेच शाळेतल्या इंग्रजीत पुन्हा सांगितलं, कारण आपण या पोराला नीट शिकवलं नाही असं तो म्हातारा मनात घेऊन बसला होता. त्यानं टोपी काढली.

'ही न्यू, मिसेस,' तो म्हणाला. त्याला माहीत होतं.

तू त्याला त्या सकाळी खोलीतून फोन केला होतास. पक्ष्याला पुन्हा काट्यावर ठेवून. सहाशे पासष्ट आहे, म्हणालास. मार्टिननं सांगितलं, राहू दे, पोट भरलेला ससाणा कुणाचा नसतो. तू म्हणालास, सासूबाईंच्या मिस्टरांचा काल दिवस होता, त्यांनी खायला घातलं असणार. माझी सुटी जाऊ नये म्हणून कमी लिहिलंय. आता नेला नाही तर त्यांना कळेल की मला कळलं, आणि त्यांना तोंड लपवायला जागा राहणार नाही. वरच्याच रानात, अगदी जवळून उडवतो. मार्टिन पुन्हा नको म्हणाला. तू हसलास आणि फोन ठेवलास.

मुक्ता पायरीवर बसली. मला वाटलं आता ती मला काहीतरी म्हणेल, म्हणावं अशी माझी इच्छा होती. ती आधी रडली. त्या तेरा दिवसांत पहिल्यांदा, मोठ्यानं, ओवी घाबरली इतकी. मग ओवीला माझ्याकडे देऊन आत गेली आणि काटा घेऊन आली. 'कर वजन,' म्हणाली. साहेब सहाशे दहा भरला. मुक्ता म्हणाली, आता त्याला पोटभर घाल आणि जाऊ दे. मी घातलं. मार्टिन त्याला घेऊन गेला. मी दिनदर्शिकेवर तुझ्या सुटीच्या दिवसाच्या चौकोनात सहाशे पंचवीसवर एक रेघ मारली, आकडा दिसत राहील अशी, आणि खाली सहाशे पासष्ट लिहिलं. वर्गात मुलींना चूक अशीच दुरुस्त करायला लावायची.

मुक्ताच्या डोक्यावरचं ओझं थोडं हललं आहे. माझं नाही. उलट आता मला तुझा राग येतो, निखिल, आणि हे मी तुला स्पष्ट सांगणार आहे. मिरजेच्या त्या बाईला तू खोटं पाडलं नाहीस, पण ऑपरेशन पुढे ढकललंस ना? मग माझ्यासाठी का नाही ढकललंस? यंत्र बिघडलं म्हणायचं होतंस, पोट दुखतंय म्हणायचं होतंस. नाहीतर सरळ माझ्या अंगावर ओरडायचं होतंस. मी दोन दिवस अबोला धरला असता, मुक्तानं मध्ये पडून मिटवलं असतं, आणि आज तू इथे समोर बसून अनारसा मोडत असतास. इतका मान कशाला ठेवायचा? आणि मी तरी मफलरचं काय विचारत बसले?

मार्टिन गेल्यावर त्या दिवशी मी तुझं पान वाढलं. घास भिंतीवर ठेवला. हिरवळ मोकळी होती, लोखंडी कमान रिकामी. मी मनाची तयारी करून आले होते की तू येणार नाहीस, तास-दोन तास उभं करशील, मला ते हवंच होतं. वळून दारापर्यंतही पोचले नव्हते, तर मागे पंख वाजले. कावळा आला, शिवला, घास घेऊन गेला. दाराशेजारच्या खिडकीतून मुक्ता म्हणाली, बघ आई, त्याचं काही मागणं नाही.

तिथूनही तू मान हलवलीस आणि बरं म्हणालास. निदान त्या दिवशी तरी मला थोडं ताटकळत ठेवायचं होतंस रे.